बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी बंद? मग हा इतिहास वाचाच

मित्रांनो, आजची पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. घरात कुणाला बीपीची गोळी चालू असेल तर त्यांनाही वाचून दाखवा.

आपल्याकडे एक वाक्य रोज कानावर पडतं. एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत. "मला होता बीपी, पण आता नॉर्मल आहे. गोळी बंद केली." सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्यासारखा आनंद असतो. ऐकणारेही माना डोलावतात. गोळी म्हणजे मशीनवरचा आकडा खाली आणायचं साधन, आकडा उतरला की तिचं काम संपलं, असा आपला सगळ्यांचा हिशेब.

पण गोळीचं खरं काम मशीनवर दिसतच नाही. ते छातीच्या आत चालू असतं. वाढलेल्या दाबामुळे हृदयाची भिंत जाड होते, आणि दाब बराच काळ खाली ठेवला तर ती हळूहळू पुन्हा पातळ होऊ लागते. त्यासोबत ठोक्याचा ताल बिघडण्याचा धोकाही कमी होतो. एवढं कळायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ पावणेदोनशे वर्षं लागली. त्या पावणेदोनशे वर्षांची ही गोष्ट. आणि तिच्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे.

सुरुवात करू अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षापासून. कारण जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला तेव्हा जे मिळू शकलं नाही, ते आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतं.

मार्च १९४४. दुसरं महायुद्ध ऐन भरात. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट थकलेले दिसत होते. खोकला जात नव्हता, दम लागत होता. त्यांचे नेहमीचे डॉक्टर होते अॅडमिरल रॉस मॅकिन्टायर, मुळात कान-नाक-घशाचे तज्ज्ञ. मुलगी अॅना हिने आग्रह धरला आणि २७ मार्चला बेथेस्डाच्या नौदल रुग्णालयात हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने रूझवेल्टना तपासलं. बीपी १८६/१०८. एक्स-रेमध्ये हृदय मोठं झालेलं. हृदयाला पंपाचं काम झेपेना म्हणून फुप्फुसात पाणी साठायला लागलेलं.

हे काही एका रात्रीत झालं नव्हतं. जुन्या नोंदी बघा. १९३५ साली त्यांचा बीपी होता १३६/७८. १९३७ साली १६२/९८. १९४१ साली १८८/१०५. म्हणजे आकडा वर्षानुवर्षं चढत होता, लिहूनही ठेवला जात होता, पण त्यावर काही केलं जात नव्हतं.

ब्रुएन यांच्या हातात तरी काय होतं? हृदयाला जोर देणारं डिजिटॅलिस, मीठ कमी, सिगारेटी कमी, दुपारची विश्रांती, वजन उतरवणं. रूझवेल्टना थोडा आराम पडला. पण बीपी खाली आणून खाली ठेवेल असं खात्रीचं औषध तेव्हा जगातच नव्हतं. लोकांना मात्र सांगितलं जात होतं की साहेबांची तब्येत त्यांच्या वयाच्या मानाने उत्तम आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये ते चौथ्यांदा निवडूनही आले.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला स्टालिन आणि चर्चिल यांच्यासोबत बैठक झाली. युद्धानंतरचा युरोप कसा असेल ते तिथे ठरत होतं. तेव्हाही रूझवेल्ट यांचा बीपी खूप वाढलेला होता. पोलंडच्या प्रश्नावर एक दिवस बरीच ओढाताण झाली, आणि त्यानंतर ब्रुएन यांना त्यांच्या नाडीत नवीच गोष्ट सापडली. एक ठोका जोरात, पुढचा दुबळा, परत एक जोरात, परत एक दुबळा. डावा कप्पा थकत आल्याची ती खूण. हृदयाचा आकार आधी बदलला होता, आता नाडीतही फरक दिसायला लागला होता.

१२ एप्रिल १९४५. जॉर्जिया राज्यातलं वॉर्म स्प्रिंग्ज. एक चित्रकार बाई रूझवेल्टांचं चित्र काढत होत्या. ते डोकं भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले. मेंदूत रक्तस्राव. तेव्हा मोजलेला बीपी ३००/१९०. वय फक्त ६३. पंचवीस वर्षांनी, १९७० साली, ब्रुएन यांनी ही सगळी हकीकत आकड्यांसकट वैद्यकीय नियतकालिकात छापली.

आता तुम्ही म्हणाल, एवढे मोठे डॉक्टर हाताशी असताना १९३७ पासून सगळे गप्प का बसले?

कारण त्या काळच्या बऱ्याच नामवंत डॉक्टरांना वाटायचं की वाढलेला बीपी ही शरीराची गरज आहे. वयोमानाने नळ्या कडक होतात, मग रक्त पुढे ढकलायला जास्त दाब लागणारच, तो कमी केला तर मेंदू आणि मूत्रपिंड उपाशी राहतील, असा तर्क. या आजाराचं इंग्रजी नावच 'इसेन्शियल हायपरटेन्शन'. इथे त्या शब्दाचा अर्थ 'कारण सापडत नाही असा' एवढाच आहे, पण ऐकणाऱ्याला तो 'आवश्यक' असाही लागतो, आणि तो समज बराच काळ टिकला. १९३१ साली लिव्हरपूलचे जॉन हे नावाचे प्राध्यापक तर असं सांगून गेले की वाढलेल्या बीपीचा सर्वांत मोठा धोका म्हणजे तो सापडणं, कारण मग कुणीतरी मूर्ख तो उतरवायला जाणार. तेव्हा बीपी उतरवण्याचे उपाय खरंच धोक्याचे होते, म्हणून त्या म्हणण्याला थोडा आधारही होता. पण त्याची किंमत माणसांनी मोजली.

खरं तर उलटा पुरावा शंभर वर्षं आधीच समोर आला होता. लंडनच्या गाईज रुग्णालयात रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर मूत्रपिंडाच्या रोगाने दगावलेल्यांची शवविच्छेदनं करायचे. १८३६ साली त्यांनी अशा शंभर रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांतल्या ५२ जणांची हृदयं मोठी आणि जाड झालेली होती. हृदयाची झडप खराब असेल तर हृदय वाढतं, हे तेव्हा माहीत होतं. पण या ५२ पैकी ३४ जणांच्या झडपा धडधाकट होत्या. मग हृदय एवढं जाड कशाने झालं? ब्राइट यांचा अंदाज होता की रक्तातल्या बदलामुळे बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावा लागत असणार. बीपी मोजायचं यंत्रच नव्हतं, त्यामुळे गोष्ट तिथेच थांबली.

पुढचं पाऊल टाकलं त्याच रुग्णालयातल्या एका माणसाने, आणि त्याचं नाव ऐकून तुम्ही चमकाल. फ्रेडरिक अकबर मोहम्मद. याचे आजोबा शेख दीन मोहम्मद मूळचे पाटण्याचे. इंग्लंडात ब्रायटनला त्यांनी चंपी-मालिशचं स्नानगृह चालवलं होतं. 'शॅम्पू' हा आपल्याकडच्या 'चांपो' वरून आलेला शब्द इंग्रजांत रुळवण्यात त्यांचा हात. तर त्यांच्या या नातवाने १८७० च्या दशकात नाडीचा आलेख काढणारं यंत्र सुधारून वापरलं आणि दाखवून दिलं की मूत्रपिंड धडधाकट असलेल्या माणसांचाही दाब वाढलेला असू शकतो. म्हणजे दाब आधी वाढतो, हृदय आणि मूत्रपिंड नंतर बिघडतात. १८८४ साली वयाच्या अवघ्या पस्तिशीत विषमज्वराने तो गेला. आज त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नाही.

दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली आणलं. रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली स्टेथोस्कोप लावून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे काढायची पद्धत सांगितली. आजही आरोग्य केंद्रातल्या सिस्टरताई तीच पद्धत वापरतात.

आता जरा वेळ इतिहास बाजूला ठेवू आणि छातीच्या आत डोकावू. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

हृदय हा स्नायू आहे. तालमीत जोर-बैठका काढल्या की पैलवानाचे दंड फुगतात. तसंच रोज लाखभर वेळा जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागलं की डाव्या बाजूच्या मोठ्या कप्प्याची भिंत जाड होते. ही भिंत साधारण एक सेंटीमीटरची. ती जाड झाली की सुरुवातीला ताकद वाढल्यासारखीच असते. पण पैलवानाला रात्री विश्रांती असते, बीपीवाल्या हृदयाला ती नाही. हळूहळू त्या स्नायूत चिवट धागे तयार होतात, जखम भरल्यावर वण राहतो तसे. जाड आणि चिवट झालेली भिंत नीट सैल पडत नाही. मग त्या कप्प्यात रक्त भरायलाच अडचण. मागच्या छोट्या कप्प्यावर, म्हणजे डाव्या कर्णिकेवर ताण येतो. तिची भिंत पातळ असते. ती ताणली जाते, जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखी सैल पडते.

ठोका बिघडतो तो इथे. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक बारीक लहर. शेतात पाटाचं पाणी कसं एका सरळ रेषेत वाफ्यावाफ्यातून जातं, तशी ती लहर जाते. पण पाटात मध्येच ढेकळं पडली, बांध फुटला, तर पाणी वाट फुटेल तिकडे पळतं, गोल फिरतं. ताणलेल्या, वण पडलेल्या कर्णिकेत विजेचं असंच होतं. ती एकसंध आकुंचन पावायची थांबते आणि नुसती थरथरत राहते. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. नाडीवर बोट ठेवलं तर ठोके कसेही पडतात, ताल लागत नाही. काहींना धडधड जाणवते, काहींना काहीच कळत नाही. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साचतं, गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की लकवा. हा ताल बिघडलेल्या माणसाला लकव्याचा धोका सुमारे पाचपट असतो, हे अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासातून पुढे आलं.

फ्रॅमिंगहॅमची गोष्टही रूझवेल्टांशी जोडलेली आहे. त्यांच्यानंतर आलेल्या ट्रूमन यांनी १९४८ साली हृदयरोग संशोधनाचा कायदा केला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या या छोट्या गावातल्या लोकांना दर दोन वर्षांनी तपासायला सुरुवात झाली. पुढे त्यांची संख्या ५२०९ झाली. माणसं साधी, नोकरी-धंदा करणारी. 'रिस्क फॅक्टर' हा शब्द रुळला तो याच अभ्यासामुळे. बीपी असलेल्यांमध्ये ठोक्याचा ताल बिघडण्याचं प्रमाण दीडपटीच्या आसपास निघालं. दीडपट ऐकायला फार नाही वाटत. पण बीपी असलेली माणसं इतकी आहेत की ताल बिघडलेल्यांच्या गर्दीत सगळ्यात जास्त भरणा बीपीनेच केलेला असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जाड झालेलं हृदय परत येतं का?

पहिला धडधडीत पुरावा भाताने दिला. हो, भाताने. जर्मनीतून हिटलरच्या राजवटीमुळे अमेरिकेत आलेले वॉल्टर केम्प्नर ड्यूक विद्यापीठात काम करत होते. बीपी आणि मूत्रपिंडाच्या गंभीर रुग्णांना ते फक्त भात, फळं, फळांचा रस आणि साखर द्यायचे. मीठ जवळजवळ शून्य. एक किस्सा सांगतात. १९४२ साली एका बाईंना त्यांनी दोन आठवड्यांनी यायला सांगितलं. त्यांच्या जर्मन उच्चारामुळे बाईंना वाटलं दोन महिने. बाई दोन महिने तसाच भात खात राहिल्या. परत आल्या तेव्हा बीपी उतरलेला, आणि एक्स-रेमध्ये हृदयाची सावली आधीपेक्षा लहान! केम्प्नर यांनी पुढे असे कितीतरी एक्स-रे आधीचा आणि नंतरचा असे शेजारी शेजारी छापले. ईसीजीच्या उलट्या झालेल्या लाटाही काहींच्या सुलट झाल्या. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता म्हणून बऱ्याच डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. आणि असा बेचव आहार जन्मभर खाणार कोण? पण वाढलेलं हृदय मागे येऊ शकतं, हे त्या चित्रांत दिसत होतं.

गोळी यायची होती ती आपल्याकडून. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना शतकानुशतकं माहीत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वाढलेल्या बीपीवर चालते असं लिहिलं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्या मुळातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' नाव दिलं. पण जगाचं लक्ष गेलं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. केईएम रुग्णालयातले हे पारशी हृदयरोगतज्ज्ञ. १९४९ साली त्यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचे पद्धतशीर निष्कर्ष छापले. ते वाचून बोस्टनच्या डॉक्टरांनी ती वापरून पाहिली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातलं रेसरपीन शोधलं आणि त्याची गोळी जगभर गेली. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

गंमत बघा, एकाच मुळातून बीपी उतरवणारं रेसरपीन आलं आणि ठोक्याच्या तालावर काम करणारं अजमलीनही आलं. अजमलीन आजही काही ठिकाणी तालाचा एक छुपा आजार ओळखायला वापरतात. (हे वाचून कुणी बाजारातून सर्पगंधेची पावडर आणू नका. रेसरपीनने काही रुग्ण खोल उदासीनतेत गेले होते. आज त्याहून चांगल्या गोळ्या आहेत.)

तरी एक प्रश्न उरलाच. बीपी उतरवल्याने माणूस खरंच वाचतो का? हे पहिल्यांदा नीट तपासलं वॉशिंग्टनच्या एडवर्ड फ्रीस यांनी, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये. १४३ पुरुष, सगळ्यांचा खालचा बीपी ११५ ते १२९. अर्ध्यांना तीन औषधं: लघवीवाटे मीठ काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलझिन, आणि तिसरं आपल्या सर्पगंधेचं रेसरपीन. उरलेल्यांना नुसती साखरेची गोळी. १९६७ साली निकाल आला. साखरेच्या गोळीवाल्या ७० जणांत २७ जणांना गंभीर झटका बसला. औषधवाल्या ७३ जणांत फक्त २. १९७० साली त्यापेक्षा कमी बीपी असलेल्या ३८० जणांचा निकाल आला. साखरेच्या गोळीवाल्या गटात ११ जणांचं हृदय निकामी होऊ लागलं होतं. औषधवाल्या गटात? एकाचंही नाही. रूझवेल्टांना जे झालं होतं, तेच थांबलं होतं.

पुढे औषधं वाढत गेली. ब्राझीलच्या एका विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करताना कॅप्टोप्रिलचा मार्ग सापडला. म्हणजे आधी सर्पगंधा, मग साक्षात सर्प! त्याच घराण्याच्या पुढच्या पिढीत आली लोसार्टन, टेल्मिसार्टन ही नावं, जी आज आपल्या मेडिकलवाल्याला तोंडपाठ असतात.

हृदयाची जाडी जिवंत माणसात मोजायची सोयही झाली. १९५३ साली स्वीडनच्या लुंड शहरात एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहिलं. त्यासाठीचं यंत्र त्यांनी चक्क जहाजबांधणीच्या कारखान्यातून आणलं होतं. धातूतले दोष शोधायला ते वापरत. आज आपण 'टू-डी इको' म्हणतो त्याचं मूळ ते. १९९० साली फ्रॅमिंगहॅमच्या लोकांचे इको पाहून कळलं की ज्यांच्या डाव्या कप्प्याचं वजन जास्त, ते लवकर दगावतात, आणि हे बीपीचा आकडा वेगळा काढूनही खरं ठरतं. थोडक्यात, हृदयाची जाडी हा बीपीपेक्षा वेगळा, स्वतंत्र धोका आहे.

मग २००२ साली 'लाइफ' या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. ९१९३ रुग्ण, सगळ्यांच्या ईसीजीत हृदय जाड झाल्याच्या खुणा, सुरुवातीचा सरासरी बीपी १७४/९८. अर्ध्यांना लोसार्टन, अर्ध्यांना अॅटेनोलॉल. दोन्ही गटांत बीपी जवळजवळ सारखाच उतरला, वरचा आकडा ३० च्या आसपास. ईसीजीतली जाडी दोन्हींकडे कमी झाली, लोसार्टनवाल्यांत जास्त. पुढे ठोक्याचा हिशेब निघाला: नव्याने ताल बिघडलेले अॅटेनोलॉल गटात २२१, लोसार्टन गटात १५०. आणि कोणतंही औषध असो, ज्यांची जाडी कमी झाली त्यांच्यात ताल बिघडण्याचं प्रमाणही कमी दिसलं. आकडा सारखा असून आतलं चित्र वेगळं असू शकतं, म्हणून कुठली गोळी हे डॉक्टरांनी ठरवायचं. शेजाऱ्याची गोळी आपल्याला लागू पडेलच असं नाही.

अमेरिकेतच 'स्प्रिंट' नावाचा आणखी एक अभ्यास झाला, ९३६१ लोकांचा, निकाल २०१५ साली. एका गटात वरचा बीपी १४० च्या खाली ठेवायचा, दुसऱ्यात १२० च्या खाली. १२० वाल्या गटात हृदय नव्याने जाड होण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी निघालं. आधीच जाड असलेलं परत येण्याची शक्यता ६६ टक्क्यांनी जास्त. ताल बिघडण्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी कमी. मात्र चक्कर, बीपी फार उतरणं, मूत्रपिंडाचा त्रास हेही त्याच गटात जास्त होतं. त्यामुळे १२० चा हट्ट सगळ्यांनी धरायचा नाही, म्हाताऱ्या माणसांनी तर अजिबात मनाने नाही. शिवाय सगळी हृदयं पूर्ण परत येत नाहीत. पडलेला वण पूर्ण जात नाही, आणि वर्षानुवर्षं बिघडलेला ताल फक्त बीपी उतरवून जागेवर येईलच असं नाही. म्हणून उशीर नको.

आता आपल्याकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के बायकांचा बीपी वाढलेला किंवा औषध चालू असलेला निघाला. गावातल्या पारावर वीस जण बसले असतील तर चार-पाच जण यातले. बऱ्याच जणांना माहीतही नसतं, कारण दुखत काही नाही.

२०१७ च्या नोव्हेंबरात सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांच्या साथीने बीपी नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात आपल्या राज्यातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. कल्पना साधी: ठरलेल्या स्वस्त गोळ्या, एका वेळी महिनाभराच्या, घराजवळच्या केंद्रात, आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. २०२२ साली या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

पुरस्कार चांगलाच, पण माझ्यासारख्या गावाकडच्या पत्रकाराला एवढंच विचारावंसं वाटतं: आपल्या केंद्रात या महिन्याच्या गोळ्या आहेत का? कारण साठा संपला की माणूस आठवडाभर थांबतो, मग महिनाभर. काही दुखत नाही, म्हणून परत जातच नाही. आतली भिंत मात्र पुन्हा जाड व्हायला लागते. जाडी उतरायला महिने, वर्षं लागलेली असतात.

तर मंडळी, हे करा:

१. बीपी नॉर्मल आला असेल तर तो बहुतेक गोळीमुळे आलाय. गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरांना विचारून. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर डोस कमी होऊही शकतो, पण मनाने नाही.

२. लोणचं, पापड, फरसाण, ताटातलं वरचं मीठ. केम्प्नरचा भात खायची गरज नाही, एवढं आवरलं तरी फरक पडतो.

३. बीपी जुना असेल तर ईसीजी कधी काढला होता ते आठवा. जाडीची शंका आली तर डॉक्टर इको सांगतील.

४. आठवड्यातून एकदा मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी बघा. ठोके आडवेतिडवे पडत असतील तर दुखत नाही म्हणून सोडू नका, दाखवून घ्या.

५. पुढच्या ग्रामसभेत रस्ता आणि गटाराबरोबर एक प्रश्न हाही विचारा: आपल्या उपकेंद्रात बीपीच्या किती रुग्णांची नोंद आहे, आणि त्यातल्या किती जणांना गेल्या महिन्यात गोळ्या मिळाल्या? उत्तर लेखी मागा. मिळालं की मला पाठवा, आपण छापू.